घासलेलं अक्षर

आमच्या दारव्ह्याच्या घरात कोंबड्याआधी साण बोलायची. साण म्हणजे धार लावायचं गोल चाक. कुरुंदाची पूड लाखेत कालवून अब्बा ते स्वतः ओतायचे. चाकाच्या आसाला कातड्याचा पट्टा गुंडाळलेला असे. अम्मा समोर पाय पसरून बसायची आणि तो पट्टा दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायची, आणि अब्बा फिरत्या चाकावर पातं टेकवायचे. विळा असला की खरखर, न्हाव्याचा वस्तरा असला की बारीक शीळ, आणि कात्री असली की ऐकणाऱ्याचे दात आंबायचे. अंथरुणात पडल्यापडल्या मला कळायचं, आज काय आलंय. घर म्हणजे एक लांबट खोली, पुढे ओटा, मागे चुलीपुरती पडवी. खोलीत ओल्या लोखंडाचा, लाखेचा आणि तिळाच्या तेलाचा वास कायम असे. आम्ही तिघंच होतो, अब्बा, अम्मा आणि मी. घरात आमची मोडकीतोडकी हिंदी चालायची आणि गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी, पण पुढे सारा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेल्यामुळे असेल, आता अम्माचं बोलणंसुद्धा मला वऱ्हाडीतच ऐकू येतं.

अम्मा शिकलगाराची बायको. जन्मभर धारेशेजारी बसलेली, तरी पात्याला तिच्याइतकं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिचा धाकटा भाऊ विळ्याच्या एवढ्याशा जखमेनं धनुर्वात होऊन गेला होता. तेव्हापासून तिनं घराला नेम घालून दिले होते. नंगं पातं कुठं पडून राहता कामा नये, काम झालं की चिंधीत. पात्यावरून ओलांडून जायचं नाही. आणि धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, एकानं खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. ती स्वतः पट्टा ओढायची, पण धार लागलेल्या वस्तूला कधी बोट लावायची नाही. ती भीती मी दुधाबरोबरच प्यायले असणार. आजही सून सुरी हातात द्यायला लागली की मी म्हणते, "खाली ठेव गं, मी घेते." ती हसते. तिला वाटतं म्हातारपणाचा चाळा आहे.

आमचे आजे-पणजे फौजांच्या मागे फिरायचे, तलवारी उजळायचे, असं अब्बा सांगत. माझ्या वाढत्या वयात मात्र तलवार यायची ती फक्त दसऱ्याच्या आधी, कुण्या जुन्या घराण्यातली, तेल-कुंकवानं माखलेली, पूजेपुरती. बाकी वर्षभर विळे, कुऱ्हाडी, अडकित्ते आणि मेंढ्या कातरायच्या कात्र्या. अब्बांजवळ अजून एक हुन्नर होता, पोलादावर सोन्याचांदीची तार बसवायचा. त्याला कोफ्तगिरी म्हणतात. पोलादावर बारीक छिन्नीनं आडव्याउभ्या रेघा मारायच्या, इतक्या जवळजवळ की नुसत्या डोळ्याला तिथं धुकं आल्यासारखं दिसावं. मग ते जरा तापवायचं, निळसर होईपर्यंत. मग केसाएवढी तार चिमट्यानं हवी तशी वळवत ठेवायची आणि हलक्या हातोडीनं ठोकत जायची. रेघांचे दात तार धरून ठेवतात. शेवटी हकीकाच्या दगडानं घोटलं की वेल, पानं, अक्षरं पोलादातूनच उगवल्यासारखी दिसतात. लग्नाच्या अडकित्त्यांवर पोपट काढून घ्यायला आर्णीपासून माणसं यायची.

मी सातवीची परीक्षा पास झाले त्या वर्षी अब्बांना मोठा ताप आला. ताप गेला, पण उजव्या हाताची थरथर राहिली. साणेवर ती कळायची नाही. तार बसवताना मात्र लपायची नाही. म्हणून त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. आधी रागानंच, मग हळूहळू अभिमानानं. सोळाव्या वर्षी मी सरळ रेघेत अक्षर बसवत होते, आणि ही गोष्ट आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. पोरीच्या हातचं काम म्हटल्यावर कोण घेणार? मी पडद्यामागे बसायची. ओट्यावर गिऱ्हाईक अब्बांची तारीफ करायचं, आणि अब्बा मान खाली घालून ती ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी दसऱ्याला अजून पंधरा दिवस होते. दुपारी आमच्या दारापुढे दमणी थांबली. बैलांच्या गळ्यातली घुंगरं थांबली तशी अम्माच्या हातातला पट्टाही थांबला. आप्पासाहेब पाटील उतरले. आर्णीकडच्या रानाला लागून त्यांचं गाव होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. मागून त्यांचा माणूस गणपत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब घेऊन आला. अब्बांनी सतरंजी टाकली, पण आप्पासाहेब बसले नाहीत.

"हुसेन, हे आमच्या घरची तलवार. साफ करून पाह्यजे."

"करतो मालक. दसऱ्याले?"

"त्याच्या आंधी. पुढच्या बुधवारी गणपत येईन न्याले." त्यांनी घोंगडी बाजूला सारली आणि मुठीजवळ, पात्याच्या सपाट अंगावर नख टेकवलं. "इथं जुनं कायतरी खरडलेलं हाय. ते पुरतं घासून टाक. आन त्याच जागी माह्या आज्याचं नाव सोन्यात घाल. तार आणली हाय. नाव ह्या चिठ्ठीत हाय."

"मालक, जुनं काम होय. घासलं तं पातं तेवढ्या जागी खाली बसते. दिसते मंग."

"दिसू दे." मग ते जरा थांबले आणि आवाज न चढवता म्हणाले, "हे पाय हुसेन, सध्या ठाण्यात हत्यारांच्या चौकश्या चालू हायत. तुह्या घरात कोणाकोणाची पाती पडली हायत, हे मी कोणाले सांगत नाई. तू बी ह्याचं कोणाले सांगू नको. आन हे घर ज्या जागेवर हाय, ते माह्या साडूची हाय. ठाऊक हाय ना तुले?"

"हाय मालक."

जाता जाता त्यांची नजर पडद्याच्या फटीवर आली. "पोट्टी मोठी झाली तुही. लगन कधी करतं तिचं?"

इतकंच. एवढं बोलून ते दमणीत बसले. घुंगरं बाजाराच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. तोवर आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.

तलवारीवर शेंदराचे थर होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे, वाळून खडे झालेले. घरच्या पूजेतल्या तलवारीवर इतका शेंदूर नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दोन दिवस मी तेलाच्या चिंधीनं तो मऊ करून काढत होते. मग चिंचेच्या कोळानं गंज. खालून हळूहळू परज मोकळी झाली, म्हणजे मुठीचं ते आडवं राखण. तिच्यावर चांदीची मोहाची फुलं होती, झुपकेच्या झुपके, आणि प्रत्येक फुलाच्या पोटात सोन्याचा एकेक ठिपका. इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. अब्बांनी हिराकसाच्या पाण्याचं बोट पात्यावरून फिरवलं, तशी पोलादात पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी वर आली. "जौहर हाय," ते पुटपुटले. असल पोलादाच्या अंगच्या त्या लाटांना जौहर म्हणतात. त्या पंधरा दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावरची भीती एवढ्या एकाच क्षणाला गेलेली मला आठवते.

मग अक्षरं दिसली. काही ठिकाणी तार उडाली होती, पण खाच स्पष्ट होती. अब्बांना कुराणाची अक्षरं लागायची, बाळबोध लागत नसे. मी वाचलं, "देवीचे चरणी भिवजी कुमरे."

"चिठ्ठीत काय हाय?"

"नारायणराव. आन पुढं पाटलाचं आडनाव."

अब्बांनी पात्यावरच्या अक्षरांवर बोट टेकवलं. "मंग हे भिवजी कोण?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू वाचलंच नाई, असं समज बेटा. तुले वाचता येते, हे पाटलाले ठाऊक नाई. तेवढंच बरं हाय."

तलवार आम्ही गोधड्यांच्या चवडीखाली ठेवली. त्या दिवसापासून कुणी दारावरून नुसतं गेलं तरी अम्माच्या हातातली भाकर थापता थापता थांबायची. अंबाडीची भाजी केली तर तिच्यात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. गणपत रोज येऊ लागला. धार लावायला काही आणायचा नाही. ओट्यावर बसायचा, सुपारी कातरायचा, आमचाच अडकित्ता घेऊन, आणि विचारायचा, "कुठवर आलं?" अब्बा म्हणायचे, "होऊन राह्यलं." तो पडद्याकडे बघत बघत सुपारी चावायचा. मला आतून त्याची सावली दिसायची, आणि ती सावली हलेपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घ्यायची.

बाजाराच्या दिवशी सोमाबाई आली. ती दर बाजाराला यायची. रानातून चारोळी, डिंक, त्या दिवसांत सीताफळं घेऊन यायची. टोपलं विकून झालं की आमच्या ओट्यावर बसायची, आपला विळा धार लावून घ्यायची, पाणी प्यायची आणि घरी निघायची. आम्हाला ती फक्त सोमाबाई म्हणून माहीत होती, आर्णीकडच्या रानातली एक गोंड बाई, खूप बोलणारी, हसताना तोंडावर पदर घेणारी. त्या दिवशी ती हसली नाही. पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच बसून राहिली.

"काय झालं वं सोमाबाई?" अम्मानं विचारलं.

"काय सांगू बाई. आमची देवीची तलवार गेली."

मी पडद्यामागे होते. गोधड्यांची चवड माझ्या पाठीला लागून होती.

"चोरी झाली?"

"चोरी असती तं बरं. पाटील आले आन म्हणाले, सरकार हत्यारं जमा करून राह्यलं, तुमच्याजवळ सापडली तं माह्या घरच्याले, जंगूले, धरून नेतीन, माह्यापाशी द्या, मी सांभाळतो. माह्या घरच्यानं देल्ली. आता तो पाटील म्हणते, तलवार पयलेपासून आमचीच होय. दसऱ्याले देवीपुढं तलवार धराचा मान आमचा हाय. जो तलवार धरते, तोच देवीची जमीन कसते. आता दोन्ही बी तो म्हणते माह्यंच."

"मंग कचेरीत सांगाचं ना."

"सांगतलं. साहेब म्हणे, पुरावा काय? माह्या घरच्यानं सांगतलं, तलवारीवर आमच्या आज्याचं नाव हाय, भिवजी कुमरे. आम्हाले वाचता नाई येत, पण सासऱ्यानं जंगूचं बोट धरून त्या अक्षरावर फिरवलं होतं. साहेबानं पाटलाले सांगतलं, शुक्रवारी तलवार घेऊन ये. नाव असन तं दिसनच." तिनं पाणी प्यायलं आणि जरा धीर आल्यासारखी म्हणाली, "नाव हाय म्हणून आमाले भेव नाई. सोन्यातलं हाय. ते कुठं जाते?"

माझ्या नखांत शेंदूर होता. मी हात ओढणीत लपवले, जणू पडद्यातून ते तिला दिसणार होते. सोमाबाईनं जाताना दोन सीताफळं ओट्यावर ठेवली. ती कुणी खाल्ली नाहीत. तिसऱ्या दिवशी ती काळी पडून फुटली, आणि अम्मानं ती मागे नेऊन टाकली.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलणं टाळू लागलो. बोललो असतो तर काय करायचं हे ठरवावं लागलं असतं. मंगळवारी गणपत सकाळीच आला आणि बसला नाही. "उद्या सकाळी नेतो," म्हणाला. "नाव नसन झालं तरी चालन म्हणे मालक. पयले जुनं साफ करा. तेवढं झालंच पाह्यजे." तो गेल्यावर अब्बांनी तलवार काढली, पाटावर चिंधी अंथरली आणि कानस माझ्यापुढे ठेवली. हातात दिली नाही, खाली ठेवली, घरच्या नेमाप्रमाणे. "माह्या हातानं होत नाई," ते म्हणाले. "हात हालला तं पातं खराब होईन." ते खरं होतं. पण ते तेवढंच खरं नव्हतं, हे आम्हा दोघांना कळत होतं.

सुरुवातीला 'देवीचे' होतं. दुसऱ्याच्या देवाचं नाव घासायला माझा हात धजेना. म्हणून मी शेवटाकडून सुरुवात केली. 'रे' पासून. जुनी तार लगेच सुटत नाही, तिनं पोलाद धरून ठेवलेलं असतं. मी दहा-पंधरा हात मारले असतील. आधी मात्रा गेली, मग अक्षराचं वळण, मग नुसती पांढरी चकती राहिली. खाली चिंधीवर सोन्याची धूळ पडली, चिमूटभरही नाही. मी 'म' ला कानस लावली, तेवढ्यात अम्मा पडवीतून आली. ओच्यात अंबाडीची पानं होती. तिनं ओचा सोडून दिला, पानं जमिनीवर सांडली. ती खाली बसली आणि तिनं आपला पंजा पात्यावर, त्या अक्षरांवर ठेवला. नंग्या पात्यावर. जन्मात पहिल्यांदा.

"बस कर," ती म्हणाली.

अब्बा उठून उभे राहिले. "तुले समजते का तू काय करून राह्यली?"

"समजते. पोट फाटून राह्यलं माह्यं भेवानं. घर जाईन, हे समजते. तुमाले ठाण्यात नेतीन, हे बी समजते. पण माह्या पोरीच्या हातानं मेल्या माणसाचं नाव नका पुसू. ते बाई आपल्या ओट्यावर पाणी पेऊन गेली."

"मंग काय करू? पाटलाले काय सांगू?"

"पाटलाले काई नका सांगू. कचेरी कुठं हाय, ठाऊक हाय ना तुमाले?"

तिच्या पंजाखाली पातं पाटावर बारीक वाजत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तलवार आम्ही जाड गोधडीत गुंडाळली आणि वर दोरी बांधली. अब्बा पुढे, मी मधे गोधडी खांद्यावर घेऊन, अम्मा मागे. पोरीच्या खांद्यावरच्या गोधडीला कोण विचारतो, असं अम्मा म्हणाली. दुपारच्या उन्हात आम्ही निघालो. घर ते कचेरी हा रस्ता मी शाळेत जाताना शेकडो वेळा चालले होते. त्या दिवशी तो संपेचना. कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या आडून एकेक माणूस बाहेर यायचं आणि मला वाटायचं, हाच तो. आणि चहाच्या दुकानापाशी खरंच गणपत उभा होता, सायकलीला टेकून.

"कुठं निघाले सारे?" त्यानं विचारलं.

मागून अम्मा म्हणाली, "पिंजाऱ्याकडं. गोधडीचा कापूस गोळा झाला. थंडी येऊन राह्यली."

गणपतनं गोधडीकडे पाहिलं. माझ्या खांद्यात परज रुतत होती. त्यानं हात पुढे केला असता, नुसती चापट मारली असती, तरी त्याला पोलाद लागलं असतं. "कामाचं काय?" तो अब्बांना म्हणाला.

"झालं तुमच्या मनासारखं," अम्माच म्हणाली. "उद्या या."

आम्ही चालू लागलो. मागे वळून पाहायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिघांनीही पाहिलं नाही.

कचेरीतला साहेब किरकोळ, चष्मेवाला, सर्दी झालेला माणूस होता. गोधडी उलगडली तसा दाराशी उभा शिपाई मागे सरकला. अब्बांनी सगळं सांगितलं, अडखळत, हात जोडून. फक्त नाव कुणी घासलं ते सांगितलं नाही. साहेबानं सगळं लिहून घेतलं, तलवार कपड्यात बांधून मोहोर केली आणि म्हणाला, "शुक्रवारी तिघंही या." बिनपरवान्याची तलवार घरात ठेवली म्हणून अब्बांना ठाण्यात नेऊन जबाब घेतला, दिवस मावळायच्या आत सोडलं. बुधवारी गणपत आला. तलवार कचेरीत आहे हे अब्बांनी त्याला दारातूनच सांगितलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो सायकलीवर बसून सावकाश निघून गेला. शुक्रवारपर्यंत आमच्या ओट्यावर एकही गिऱ्हाईक आलं नाही.

शुक्रवारी खोलीत एका बाजूला आप्पासाहेब खुर्चीवर, शेजारी त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला भिंतीशी सोमाबाई आणि तिचा नवरा जंगू, उभेच. तो वाळकुडा, उंच माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. आम्ही दाराजवळ होतो. सोमाबाईनं आम्हाला पाहिलं आणि तिला काही उमगेना, मग तिनं नजर फिरवली. साहेबानं मोहोर तोडली, पातं उजेडात धरून वाचलं, "देवीचे चरणी भिवजी कुम. पुढे काही नाही."

वकील उठला. शुद्ध, पुस्तकी मराठीत त्यानं सांगितलं की हे 'कुमरे' नव्हे. कुमाजी असेल, कुमाजीराव असेल. भिवजी हे नाव पाटलांच्या घराण्यातही आहे. अर्ध्या शब्दावर कुणाचा हक्क ठरत नाही. जंगू पुढे आला. त्यानं विचारलं, हात लावू का? साहेबानं मान हलवली. जंगूनं डोळे मिटले आणि बोट अक्षरांवरून नेलं, हळूहळू, आणि पांढऱ्या चकतीवर येऊन ते थांबलं. "इथं एक होतं," तो म्हणाला. "माह्या बापानं इथवर बोट आणलं होतं."

"कोणतं होतं?"

"मले अक्षर येत नाई साहेब. पण होतं."

वकील हसला. मी अम्माकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मला पुढे ढकललंही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे नातलगांत असं बोललं गेलं की आईनं पोरीला पुढे केलं. माझे पाय आपोआप पुढे गेले, असंही नाही. मी प्रत्येक पाऊल मोजून टाकलं आणि प्रत्येक पावलाला मला परत फिरावंसं वाटलं.

"साहेब, 'रे' होतं."

"तुला काय माहीत?"

"मी घासलं."

खोलीत कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. साहेबानं चष्मा काढला. "नाव काय? किती शिकलीस?"

"नूरजहाँ. सातवी पास."

"तू घासलंस?"

"हो साहेब. अब्बांचा हात हालतो. तारेचं काम मी करते. आधी पूर्ण वाचलं होतं. भिवजी कुमरे होतं. 'रे' घासलं आणि मग थांबले."

"कोणी सांगितलं होतं घासायला?"

मी आप्पासाहेबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यांचे डोळे लाल झालेले असतील. तसं नव्हतं. ते माझ्याकडे शांतपणे पाहत होते, बाजारात बैल पाहतात तसे, दात किती, किंमत किती, ओझं किती ओढेल. मी नाव घेतलं तेव्हा जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. पाटलाची ती चिठ्ठी अम्मानं पदराच्या गाठीतून काढून टेबलावर ठेवली.

मागे सोमाबाई रडत होती. माझ्यावर रागावून की आणखी कशानं, ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

त्या दसऱ्याला तलवार देवीपुढे जंगूच्या हातात होती. जमिनीचा निकाल पुढे बऱ्याच काळानं लागला, तोही त्यांच्याच बाजूनं. अब्बांनी जंगूला सांगून पाठवलं होतं की 'रे' पुन्हा बसवून देतो. त्याचा निरोप आला, दसरा झाल्यावर पाहू. तो काही आला नाही. आर्णीच्या एका घराशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. त्या लोकांनीही निरोप धाडला, कचेरीत उभी राहिलेली पोरगी नको. आणि दसऱ्यानंतर आठव्या दिवशी पाटलाचा साडू आला आणि म्हणाला, जागा खाली करा.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला अब्बांच्या एका चुलतभावानं आसरा देतो म्हटलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली. भांडी, पेटी, गोधड्या चढल्या. साणेची जड लाकडी चौकट मात्र तीन माणसांना उचलण्यासारखी नव्हती. गल्लीतली सगळी दारं लागलेली होती. ज्या दारांतल्या बायका रोज अम्माकडून विरजण न्यायच्या, ती दारंही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कडी लावली असती.

तेवढ्यात वळणावरून जंगू आला, बरोबर सोमाबाई आणि तिघं जण. पहाटेपासून चालत आले होते, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. कुणाला काही विचारलं नाही. चौघांनी खांदे लावले, चौकट उचलली, गाडीत नीट बसवली आणि दोरानं बांधली. सोमाबाईनं अम्माच्या पायातल्या वहाणेची तुटलेली पट्टी आपल्या पदराची चिंधी फाडून बांधून दिली. माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "बस पोरी, गाडीत बस. लंबं जाचं हाय."

यवतमाळच्या रस्त्याला लागलो तेव्हा नाक्यावरच्या कडुलिंबाखाली गणपत उभा होता. यावेळी एकटा नव्हता, बरोबर चार-पाच काठीवाले होते. अब्बांनी कासरा आवळला. बैल अडखळले. अम्मानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. जंगू गाडीच्या डाव्या अंगानं चालत होता. तो गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या अंगाला आला, कडुलिंबाच्या बाजूला, आणि मागून ते तिघं, आणि त्यांच्या मागून रिकामं टोपलं डोक्यावर घेतलेली सोमाबाई. ते पाचही जण गाडी आणि ती माणसं यांच्या मधून चालत राहिले, पावलात फरक न करता. कडुलिंब मागे पडला, नाका मागे पडला, तरी ते चालतच राहिले.